वेळेचा वाटा

राहाता, ९ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

नमस्कार करते आणि लगेच कामाचं बोलते. फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता, असं आईचं म्हणणं आहे. म्हणून हे ईमेलचं पत्र. सावकाश वाचा.

संक्रांतीला आला होतात तेव्हा आमच्या कॉलेजच्या सर्व्हरच्या खोलीत कोपऱ्यातली छोटी डबी दाखवून मी म्हटलं होतं, ही लोकांना वेळ सांगते. तेव्हा हसलात, आणि आता स्वतःच विचारताय की कर्जत तालुक्यातून वेळ सांगता येईल का. येईल की. केबल आणि नेटच्या धंद्यामुळे तुमच्याकडे लाईन आहे, बॅटऱ्या आहेत, आणखी काय लागतं?

देशातले मोबाईल, कॅमेरे, राऊटर हे सगळे आपलं घड्याळ बरोबर ठेवायला मधूनमधून कुणाला तरी वेळ विचारतात. उत्तर देणारे पुष्कळ सर्व्हर आमच्यासारख्या हौशी लोकांनी फुकट चालवलेले आहेत. या सगळ्यांची मिळून एक यादी आहे. विचारणारा आला की यादी त्याला आमच्यापैकी कुणाकडे तरी धाडते. पहारेकरीही असतात, ते थोड्या थोड्या वेळाने आपल्याला वेळ विचारून वीसपैकी गुण देतात. गुण दहाच्या खाली गेले की आपलं नाव यादीतून उतरतं, सुधारले की आपोआप परत चढतं.

नाव नोंदवताना तुमचा वाटा किती, तो आकडा लिहावा लागतो. तुमच्या लाईनकडे बघता दहा हा आकडा बरा. बाकी कृती सोबत लिहिली आहे. मामींना नमस्कार.

तुमची,
संस्कृती


१७ फेब्रुवारी

चि. संस्कृती,

तुझ्या मामाला आता देश वेळ विचारतो, हे आधी तुझ्या आईच्या कानावर घाल. तिने मला लहानपणी शाळेच्या वेळेत शाळेत पोचलेलं कधी पाहिलं नाही. डबी नगरहून आणली, केबलच्या खोलीत बसवली आणि तुझ्या कृतीप्रमाणे चालू केली. आकडा रीतीप्रमाणे लिहिला आहे, काळजी नसावी. पहिल्याच आठवड्यात एकोणीस गुण पडले. एवढे गुण मला आयुष्यात कोणी दिले नव्हते.

गावात मी हे सांगितलं तेव्हा आमचे साडू वैजनाथराव म्हणाले, "भाऊ, पैसे किती मिळत्यात?" फुकट आहे म्हटल्यावर त्यांनी असं तोंड केलं की जणू मी लिंबं उकिरड्यावर ओतून आलो. तुला आठवत असेल, केबलचा धंदा आधी आमचा दोघांचा होता. आता वैजनाथ वेगळा झाला, पंचायतीच्या गाळ्यात दाखल्यांचं सेवा केंद्र चालवतो. नेट मात्र माझंच वापरतो. तुझी मामी आणि त्याची भीमाबाई सख्ख्या बहिणी, त्यांचं रोज एकमेकींकडे जाणंयेणं, म्हणून आमचंही तोंडदेखलं चालू आहे.

तुझा,
गहिनीनाथमामा


२० एप्रिल

चि. संस्कृती,

मार्चमध्ये तू परीक्षेच्या गडबडीत दोन ओळी लिहिल्या होत्यास, त्यांचं उत्तर राहिलं. आता घाईने लिहितो आहे, कारण नेट सध्या चालू आहे आणि किती वेळ राहील ते देव जाणे.

गेला आठवडाभर गावचं नेट रोज पडतं आहे. पूर्ण जातं, तासाभराने आपोआप येतं, बरं चालतं, आणि मग पुन्हा जातं. पडल्याच्या वेळा सोबत लिहिल्या आहेत. राऊटर बदलला, वायरी बदलल्या, खांबावर माणूस चढवला. कुठे काही तुटलेलं नाही. गिऱ्हाईक दारात येऊन बसतं. शाळेच्या मास्तरांनी काल सरळ सांगितलं की असंच चाललं तर मोठ्या कंपनीची तार घेतो.

मला यात माणसाचा हात दिसतो. बिघाड असता तर पडलेलं नेट पडूनच राहिलं असतं. हे कोणीतरी बंद करतं आणि कोणीतरी उघडतं. आमच्या कालव्याच्या चारीवर हेच होतं. मी टेलचा, चारीच्या शेवटच्या टोकाचा माणूस. उन्हाळी आवर्तनात पाणी माझ्या बांधापर्यंत येतं, बागेत शिरायच्या बेतात असतं आणि आटतं. वर कोणीतरी दार टाकलेलं असतं. तीन वर्षांपूर्वी चारी फोडून माझी लिंबाची बाग कोणी वाळवली ते पंचनाम्यात निघालं नाही, पण वरच्या अंगाला रान कुणाचं आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. आणि माझी कुठली तार कुठून जाते हे माझ्याशिवाय एकाच माणसाला माहीत आहे.

मी नाव लिहीत नाही. तू शिकलेली आहेस, असं बाहेरून करता येतं का तेवढं सांग.

मामा


राहाता, २३ एप्रिल

ती. मामा,

तुमचं पत्र वाचून जीव टांगणीला लागला. नीट विचार करून लिहिते.

पहिली शंका मला तुमच्या वेळेच्या डबीची आली होती. विचारणारे फार वाढले तर लाईन गुदमरते. पण आकडा रीतीप्रमाणे लिहिल्याचं तुम्ही फेब्रुवारीतच कळवलं होतं. दहाच्या आकड्याला एवढी गर्दी येणं शक्य नाही, म्हणजे तो प्रश्न मिटला. तार तुटलेली नाही, राऊटर नवा आहे. मग उरतं एकच. बाहेरून कोणीतरी मुद्दाम तुमच्या लाईनवर खोटी गर्दी सोडत असणार. असं करता येतं, आणि आजकाल त्याला फार अक्कलही लागत नाही.

आमच्याकडे सुट्टी लागली. प्राचार्यांनी खोलीतलं सगळं बंद करायला लावलं, त्यामुळे माझी डबीही पंधरा तारखेपासून यादीतून काढली आहे. उन्हाने आणि वीज जाण्याने इतरही बरेच जण गळाले आहेत म्हणतात. तुमची चालू आहे याचं मला कौतुक वाटतं.

संस्कृती


२७ एप्रिल

चि. संस्कृती,

तुझं पत्र म्हणजे मला कोर्टाचा निकालच वाटला. छापून घेतलं आणि तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष गोरक्ष यांच्या हातात दिलं. त्यांनी ते चारचौघांत मोठ्याने वाचलं. "बाहेरून कोणीतरी मुद्दाम" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. इंजिनियर पोरीने लिहिलंय म्हटल्यावर कोण काय बोलणार? मग त्यांनी विचारलं, संशय कुणावर? मी वैजनाथचं नाव सांगितलं.

शुक्रवारी बैठक आहे. गुन्हा त्याचा ठरला तर प्रकरण पोलिसांत जाईल आणि पंचायतीच्या गाळ्यातलं त्याचं केंद्रही उठेल. घर त्याचं त्या केंद्रावर चालतं, हे मला कळतं. पण माझं घर कशावर चालतं?

तुझ्या मामीने भीमाबाईकडे जायचं बंद केलं आहे. मी काही सांगितलं नव्हतं. वैजनाथ आमच्या दारावरून जाताना मान वर करून बघत नाही, म्हणून हिला राग आला. मला तर त्या खाली घातलेल्या मानेतच सगळं दिसलं.

मामा


राहाता, २८ एप्रिल

मामा,

हे पत्र तुम्हाला कधी पोचेल माहीत नाही, तुमचं नेट पडलेलं असेल.

मी वैजनाथकाकांचं नाव घेतलेलं नाही. मी "असणार" असं लिहिलं, "आहे" असं लिहिलं नाही, आणि ते चारचौघांत वाचायला तर मुळीच लिहिलं नव्हतं. विचार करा, त्यांचं केंद्रही तुमच्याच नेटवर चालतं. तुमचं नेट पाडून ते आपल्याच पायावर धोंडा का पाडून घेतील? आणि मान खाली घालून जाणारा माणूस चोरच असतो का? घाबरलेलाही असू शकतो.

माझी एक विनंती आहे. वेळेची डबी दोन दिवस बंद ठेवून बघा. तरीही नेट पडलं तर मग पुढचं बोलू. तोपर्यंत बैठक पुढे ढकला. मामींना फोन केला होता, पण त्यांनी "तुम्हा शिकलेल्यांचं मला कळत नाही" म्हणून ठेवून दिला.

संस्कृती


४ मे

चि. संस्कृती,

नेटच्या भानगडीत तुझं पत्र बैठकीनंतर वाचलं. आता डबी बंद करायची गरज नाही. त्याने कबूल केलं.

सगळं सांगतो. बैठकीला पन्नासेक माणूस होतं. गोरक्षने सगळं मांडलं, तुझं पत्र पुन्हा वाचलं. वैजनाथ आधी बराच वेळ नाही नाही म्हणत होता. मग गोरक्षने त्याला बाजूला नेलं, समजावलं की माफी मागितलीस तर गोष्ट गावातच मिटेल, नाहीतर सोमवारी तालुक्याला जावं लागेल. परत येऊन तो उभा राहिला. माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघून म्हणाला, "व्हय, म्याच केलं. चुकलं माझं. आता मिटवा." माफीनाम्यावर सही केली आणि निघून गेला.

कसं केलंस, हे मात्र त्याला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आता वाटतं विचारायला हवं होतं. पण खरी गोष्ट तुला सांगू? कबुली दिल्यापासून नेट एकदाही पडलेलं नाही. याहून वेगळा पुरावा काय हवा? काल तुझी मामी भीमाबाईकडे जाऊन आली. दोघी रडल्या म्हणे. रडू दे, बोलायला तरी लागल्या.

मला आनंद व्हायला हवा, तो काही होत नाही. वय झालं असेल.

मामा


राहाता, ५ मे

ती. मामा,

कृपा करून हे पत्र शेवटपर्यंत वाचा, आणि कुणालाही मोठ्याने वाचून दाखवू नका.

त्या यादीवर प्रत्येकाच्या गुणांचा आलेख उघड असतो. तुमचा मी आज बघितला, तो आधीच बघायला हवा होता. एप्रिलच्या मध्यापासून तो करवतीसारखा आहे. गुण चढतात, तुमचं नाव यादीत येतं, आणि लगेच गुण कोसळतात. नाव उतरतं, मग हळूहळू गुण पुन्हा चढतात. तुम्ही नेट पडल्याच्या ज्या वेळा लिहिल्या आहेत, त्या सगळ्या नाव यादीत असतानाच्या आहेत. म्हणजे बंद करणारा आणि उघडणारा हात ती यादीच आहे. देशभरातून विचारणारे तुमच्याकडे धाडले जातात, तुमचा राऊटर प्रत्येकाला थोडा वेळ लक्षात ठेवतो, त्याची आठवण भरून जाते आणि गावच्या गिऱ्हाइकाला जागाच उरत नाही. डबीही गुदमरते, पहारेकऱ्यांना उत्तर देत नाही, नाव उतरतं, गर्दी ओसरते आणि नेट आपोआप येतं.

कबुलीनंतर नेट पडलं नाही, कारण त्याच दिवशी तुमचे गुण इतके खाली गेले की नाव अजून परत चढलेलं नाही. एकदोन दिवसांत चढेल. मग नेट पुन्हा पडेल, वैजनाथकाकांनी कबूल केलेलं असलं तरी पडेल.

मला एकच कोडं सुटत नाही. आम्ही बरेच जण गळालो तर राहिलेल्यांवर भार वाढतो हे खरं, पण दहाच्या आकड्यावर एवढा नाही. तुमच्याएवढ्या आकड्याचे बाकीचे सर्व्हर तग धरून आहेत. मामा, तिथे नेमका काय आकडा लिहिला आहे?

फक्त आकडा कळवा.

संस्कृती


८ मे

चि. संस्कृती,

काल पुन्हा पडलं. तू म्हणालीस तसंच, नाव चढल्याबरोबर.

आकडा पन्नास आहे.

तुझ्यापासून मी काही लपवलं नव्हतं. रीतीप्रमाणे म्हणजे रीतीप्रमाणेच लिहिला. कालव्याच्या पाण्याचा अर्ज तू कधी भरलेला नाहीस. दोन एकर भिजवायचे असतील तर अर्जात दहा एकर लिहायचे. एक साहेब कापतो, दुसरा कापतो, वाटेत गळती, वर फोडाफोडी, आणि टेलला पोचतं ते बरोबर दोन एकरांचं. खरं लिहिणाऱ्याचं रान कोरडं राहतं, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. तू लिहिलंस, तुमचा वाटा किती तो लिहा, दहा बरा. मी म्हटलं, पोरीला व्यवहार कळत नाही. दहा पदरात पडायला हवे असतील तर पन्नास मागायला पाहिजेत. तिथे कापणारा कोणीच नसतो हे मला काय माहीत? पन्नास मागितले आणि मेल्यांनी पन्नासच्या पन्नास दिले.

आता दहा केला आहे. सकाळपासून नेट ठणठणीत चालू आहे.

आता माझं ऐक. झालं ते झालं. वैजनाथला दंड नाही, शिक्षा नाही, एक माफी काय ती. बहिणी बोलायला लागल्या, गिऱ्हाईक शांत आहे, नेटही चालू आहे. या वयात मी पन्नास माणसांपुढे उभा राहून सांगू का, की मला आकडा लिहिता आला नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याला मी कधीतरी बाजूला घेऊन सांगेन.

मामा


राहाता, ९ मे

ती. मामा,

तुम्हाला मी आजवर उलट उत्तर दिलेलं नाही. आज देते आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते.

आज मामींना पुन्हा फोन केला. या वेळी त्यांनी ठेवला नाही. वैजनाथकाकांनी कबुली का दिली ते तुम्हाला माहीत आहे का? भीमामावशी त्या आठवड्यात जेवत नव्हत्या. पाठची बहीण मी मेल्यासारखी वागते म्हणत होत्या. काकांनी बैठकीहून घरी येऊन त्यांना सांगितलं, "म्या चोर झालो तर मिटंल, तुमी दोघी बोलाल. मग झालो चोर." केंद्राला धक्का लागणार नाही असा शब्दही अध्यक्षांनी काकांना दिला होता. आता पंधरा तारखेच्या बैठकीत पंचायत गाळा काढून घेणार आहे, कारण कबुली दिलेल्या माणसाच्या हातात लोकांचे दाखले कसे द्यायचे, असं काही सदस्य म्हणतात. हे मामींना माहीत आहे, म्हणजे तुम्हालाही माहीत असणार. तुम्ही मला लिहिलं नाहीत.

चूक तुमच्या एकट्याची नाही. "तुमचा वाटा" हे शब्द माझे. मला उचलायचा वाटा म्हणायचा होता, तुम्ही मिळायचा वाटा वाचलात. एवढ्या वर्षांत टेलच्या माणसाला उचलायचा वाटा कोणी विचारला असेल? मी "भार" लिहिलं असतं तर हे झालं नसतं. आणि ज्या पत्राने काकांना चोर ठरवलं तेही माझंच आहे, मला त्याची झोपेत आठवण येते.

पंधरा तारखेला मी आलेख घेऊन गावात येईन आणि माझं पत्र चुकीचं होतं असं सांगेन. तेवढं माझ्या हातात आहे. पण आकडा तुमचा आहे, आणि तो मी सांगणार नाही. माझ्याआधी तुम्ही बोललात तर मी राहात्यातून निघणारसुद्धा नाही.

रागावलात तरी आईला काही कळवू नका.

संस्कृती


१६ मे

चि. संस्कृती,

तू आली नाहीस, कारण मी तुझ्या आईला फोन करून सांगितलं की पोरीला आज पाठवू नको, इथलं मी बघतो. तिला कारण सांगितलं नाही.

तुझं पत्र आल्यापासून मी तुझ्यावर चिडलो होतो. भाचीने मामाला शिकवावं, हे काही पचत नव्हतं. पण बैठकीला गेलो. गाळ्याचा विषय आला तेव्हा गोरक्षने विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का? वैजनाथ दाराशी उभा होता, आत येऊन बसला नव्हता. मी उठलो आणि म्हणालो की याने काही केलेलं नाही. माझी डबी, माझा आकडा. दहाच्या जागी पन्नास लिहिले, कालव्याच्या अर्जात लिहितो तसे, आणि तिथे कापणारा कोणी नव्हता.

आधी कोणाला कळलं नाही. मग बायडाबाई, आमच्या सदस्य, त्या मागून म्हणाल्या, "म्हंजी पानी मागितलं आन् पूर आला, व्हय?" त्यावर सगळी बैठक हसायला लागली. थांबेचनात. तिथे एकही माणूस नव्हता ज्याने अर्जात एकर वाढवून लिहिलेले नाहीत. मला वाटलं होतं मी गावाच्या मनातून कायमचा उतरलो, आणि लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते. गोरक्षने माफीनामा सगळ्यांसमोर फाडला. गाळा वैजनाथकडेच राहिला.

वैजनाथ हसला नाही. तो निघून गेला.

संध्याकाळी तुझी मामी मला घेऊन त्याच्या घरी गेली. भीमाबाईने चहा केला, त्या दोघी आत गेल्या, आम्ही ओट्यावर बसलो. मी म्हटलं, वैजनाथ, माझं चुकलं. तो म्हणाला की बैठकीत बोललात ते बरं केलंत, लोक आता पुन्हा केंद्रावर येतील. तेवढ्यावर मिटलं असं मला वाटलं, आणि मी सहज विचारलं, गड्या, न केलेलं कबूल तरी कसं केलंस?

त्याने बशी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. म्हणाला, "म्या खोटं बोललो, ते बायकोसाठी बोललो. पन भाऊ, तीस वर्सं तुमी मला वळखता. तुमाला ते लगीच खरं कसं वाटलं?"

संस्कृती, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण जे सुचत होतं ते सगळं खोटं होतं. तो गुरांना पाणी दाखवायचंय म्हणून उठून गेला. आत तुझी मामी आणि भीमाबाई कशावरून तरी हसत होत्या. मी ओट्यावर चहा निवेपर्यंत एकटाच बसून होतो.

तुझा,
मामा